दोष डब्यात नाही, तारखेत आहे

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या दुधनीत सनमायका सुटली की निकाल आधी लागतो आणि तपास कधीच होत नाही. स्वयंपाकघरातल्या शटरची कड उचकटते, टीव्हीमागच्या पॅनेलवर मधोमध फुगा येतो, आडत दुकानाच्या काउंटरचा कोपरा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सदऱ्याला अडकू लागतो. मग घरचे, शेजारचे, सुताराला ओळखणारे आणि न ओळखणारे सगळे एकाच वाक्यावर येऊन थांबतात : फेविकॉल डुप्लिकेट होता. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तर पुढची वाक्यं तयारच असतात. मिस्त्रीनं हात आखडता घेतला. मायका हलक्या कंपनीची होती. आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणायचं : पूर्वीसारखं लाकूड आता कुठं राहिलंय!

हा लेख या चारही वाक्यांच्या विरोधात आहे. मी प्लायवूड आणि सनमायका विकतो, म्हणजे या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेल्यांपैकीच एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाजारात बनावट गोंद मिळत नाही, असा माझा दावा नाही. तो मिळतो, आणि विकणाऱ्याला शिक्षा व्हावी. माझं म्हणणं एवढंच की डबा अस्सल, मिस्त्री हातचा आणि शीट नामांकित असतानाही आपल्याकडं सनमायका सुटते. ती का सुटते याचं उत्तर डब्यात सापडत नाही. ते काम कोणत्या महिन्यात झालं, भिंत तेव्हा किती ओली होती आणि दाबासाठी किती तास मिळाले, यात सापडतं. थोडक्यात, दोष तारखेचा आहे. आणि तारीख ठरवतो घरमालक.

सगळ्यात लोकप्रिय आरोप आधी घेऊ. "अण्णा, माल डुप्लिकेट दिलाव की ओ!" असं म्हणत गिऱ्हाईक दुकानात येतं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारतो : सगळीकडची सुटली का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. बेडरूममधलं कपाट ठणठणीत असतं. सिंकखालचं शटर गेलेलं असतं, गॅसशेजारची पट्टी गेलेली असते, पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं युनिट फुगलेलं असतं. गोंद एकाच डब्यातला, मिस्त्री एकच, प्लाय एकाच गाडीतून आलेला, शीट एकाच क्रमांकाची. डबाच बनावट असता तर बेडरूममधलं कपाट कशाच्या जोरावर उभं आहे? एकाच घरात एकाच डब्याचे दोन निकाल लागत असतील, तर कारण जागेत आणि वेळेत शोधायला हवं. इतका साधा विचार करायला रसायनशास्त्र लागत नाही. तरी आपण तो करत नाही, कारण डब्याला दोष दिला की घरातल्या कुणालाच काही ऐकून घ्यावं लागत नाही.

आता मूळ गैरसमजाकडं येतो. सनमायका म्हणजे प्लास्टिक, आणि प्लास्टिकला पाणी लागत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सनमायका हा मुख्यतः कागद आहे. जाड तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये बुडवलेले, त्यावर मेलामाइन रेझिन पाजलेला नक्षीचा कागद, आणि हे सगळं साधारण 130 ते 150 अंश तापमानाला प्रचंड दाबाखाली दाबून एकजीव केलेलं. वजनात निम्म्याहून अधिक भाग कागदाचा असतो, उरलेला रेझिनचा. हा पदार्थ जन्मला तोही फर्निचरसाठी नाही. अमेरिकेत 1912-13 च्या सुमारास डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर या वेस्टिंगहाउसमधल्या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या जागी वापरता येईल असं इन्सुलेशन म्हणून तो पुढं आणला. फॉर्मायका कंपनी त्यातूनच उभी राहिली. टेबलावर आणि कपाटावर तो नंतर चढला.

कागद रेझिनमध्ये मुरला तरी कागदाचा स्वभाव सोडत नाही. हवा दमट झाली की तो हळूहळू ओलावा घेतो आणि वाढतो. हवा कोरडी झाली की ओलावा सोडतो आणि आक्रसतो. आणि हे दोन्ही दिशांना सारखं होत नाही. कागद बनताना त्याचे तंतू लांबीच्या दिशेनं बसतात, त्यामुळं शीट आठ फुटांच्या दिशेनं जितकी हलते त्याच्या जवळपास दुप्पट ती चार फुटांच्या दिशेनं हलते. ही हालचाल हजारात तीन भाग धरली, तरी 1220 मिलिमीटर रुंदीत साडेतीन मिलिमीटरच्या वर फरक पडतो. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून प्लाय त्या मानानं फार कमी हलतो. एक थर वाढायला बघतो, त्याला चिकटलेला दुसरा जागचा हलत नाही, आणि दोघांची ओढाताण मधल्या गोंदाच्या पातळ थराला सोसावी लागते.

ही ओढाताण किती मोठी असते, ते आपल्या हवेवर ठरतं; आणि आपली हवा मुंबईची नाही. मुंबईत वर्षभर दमट असतं, त्यामुळं शीट ज्या ओलाव्यात लागते साधारण त्याच ओलाव्यात राहते. सोलापूर जिल्ह्याची तऱ्हा वेगळी. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता 25 टक्क्यांच्या खाली उतरते, पारा चाळिशी ओलांडून कधी 44 पर्यंत जातो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सकाळी तीच आर्द्रता 80 टक्क्यांच्या घरात असते. लाकडाच्या भाषेत सांगायचं तर, उन्हाळ्यात लाकडात जेमतेम पाच टक्के ओलावा उरेल अशी हवा, आणि पावसाळ्यात तोच 15-16 टक्क्यांवर नेईल अशी हवा. प्लायच्या भारतीय मानकात, आयएस 303 मध्ये, ओलाव्याची मर्यादा 5 ते 15 टक्के दिली आहे. आपलं एक वर्ष त्या मर्यादेची दोन्ही टोकं गाठून येतं.

या हवेवर आता गावाचं कॅलेंडर ठेवून बघा. तूर निघाली, माल दुधनीच्या बाजारात आला, पट्टी हातात पडली, की घराचं काम काढायचं. वास्तुशांती अक्षय्य तृतीयेला, किंवा मे महिन्यात घरात लग्न आहे म्हणून त्याआधी. म्हणजे सनमायका लागते ती वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत, शीट पुरती आक्रसलेली असताना. शेजारच्या शीटला ती घट्ट भिडवून लावतात, कारण सांधा दिसला तर मालक बोलतात. मग पाऊस येतो. शीट रुंदीत वाढते, तिला सरकायला जागा नसते, आणि जिथं गोंदाची पकड सगळ्यात कमी, तिथं ती वर उचलली जाते. पॅनेलच्या मधोमध येणारा फुगा तो हाच. गणपतीच्या सुमारास माझ्याकडं येणाऱ्या तक्रारी फुग्याच्या असतात, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

दुसरी घाई दसरा-दिवाळीची. दुकानाचं नूतनीकरण श्रावणात काढायचं आणि दसऱ्याला पूजा करून गल्ल्यावर बसायचं. तेव्हा शीट ओलावा पिऊन पुरती वाढलेली असते. ती त्या मापात कापून लागते, आणि मार्च उजाडला की आक्रसते. आता फुगा येत नाही. कड मागं सरकते, सांध्यात नख जाईल एवढी फट पडते, आणि सिंकसाठी किंवा स्विचबोर्डासाठी काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. आतला कोपरा टोकदार ठेवायचा नसतो, त्याला थोडी गोलाई द्यायची असते, कारण आक्रसणाऱ्या शीटचा सगळा ताण त्या टोकावर गोळा होतो. उन्हाळ्यात लावलेली फुगते आणि पावसाळ्यात लावलेली आक्रसते, हे गोंद बनावट असल्याचं लक्षण नाही. बनावट गोंद महिना बघून सुटत नाही.

यावर एक रास्त प्रश्न येतो : शीट अशी हलतच असेल, तर सगळ्याच घरांतली का सुटत नाही? कारण गोंद नीट धरला असेल तर तो ही ओढाताण वर्षानुवर्षं पेलतो. पण 'नीट धरणं' म्हणजे काय, ते आपण कधी बघितलंच नाही. फेविकॉल 1959 पासून बाजारात आहे, आणि त्या जातीच्या पांढऱ्या गोंदात ढोबळमानानं निम्मं पाणी असतं. हे पाणी बाहेर गेल्याशिवाय गोंद पकडत नाही. शीटच्या बाजूनं ते जाऊ शकत नाही, कारण फिनॉलिक पाठ त्याला वाट देत नाही; जे काही जायचं ते प्लायमधूनच. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले राहायला दाब लागतो. काम हलवायला, कापायला, कड घासायला घेण्याआधी एक अख्खी रात्र तरी जावी लागते. चोवीस तास गेले तर उत्तम.

आपल्याकडं दाब म्हणजे काय असतो? कडेनं लाकडाच्या पट्ट्या ठेवून चुका मारायच्या आणि मधे हाताला लागेल ते वजन ठेवायचं : विटा, फरशीचे तुकडे, तुरीची पोती. पोत्यांचा हिशेब करून बघू. 50 किलोची चार पोती म्हणजे 200 किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण आठ बाय चारच्या शीटचं क्षेत्रफळ सुमारे 29,700 चौरस सेंटिमीटर आहे. भागाकार केला तर चौरस सेंटिमीटरला सात ग्रॅमही येत नाहीत. कारखान्यातल्या प्रेसमध्ये हाच आकडा किलोंमध्ये मोजतात. त्यात पोती चार कोपऱ्यांवर ठेवलेली असतात, म्हणजे मध्यभागाला तेवढंही मिळत नाही. आणि संध्याकाळी लावलेली शीट सकाळी चुका उपटून शटरला कब्जे लावायला घेतात, कारण दुपारी मालकांचे पाहुणे काम बघायला येणार असतात.

हे सगळं तर्कानं मांडण्याचीही गरज नाही. सुटलेली शीट स्वतःच साक्ष देते, फक्त ती फेकण्याआधी उलटी करून बघायला हवी. दुकानात कुणी तुकडा घेऊन आलं की मी तो उजेडात तिरका धरतो. सगळा गोंद प्लायवर राहिलेला, शीटची पाठ कोरी, आणि गोंदावर पसरणीच्या दात्यांच्या रेघा जशाच्या तशा उभ्या, असं दिसलं तर समजायचं की शीट टेकण्याआधीच गोंदावर साय धरली होती. एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली, बत्तीस चौरस फूट पसरवून होईपर्यंत पहिला कोपरा वाळलेला असतो. बऱ्याच तुकड्यांवर तर कडेच्या दोन-तीन बोटं रुंदीत, जिथं चुका मारल्या होत्या तिथं, रेघा दाबून सपाट झालेल्या दिसतात आणि आत मध्यभागी त्या तशाच उभ्या असतात. दाब कुठवर पोचला होता, याचा तो नकाशाच असतो. गोंद पांढुरका, दमट आणि नखानं खरवडून निघणारा असेल, तर पाणी आलंय : सिंकच्या कडेनं, नाहीतर मागच्या भिंतीतून. शीटच्या पाठीला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर गोंद जिंकलाय आणि प्लायचा वरचा थर हरलाय. तेव्हा बोट माझ्या दुकानाकडं जरूर दाखवा, पण फेविकॉलच्या रॅककडं नको, प्लायच्या थप्पीकडं. पाठीवर बारीक भुसा रुतलेला असेल, तर घासल्यावर प्लाय पुसलाच नव्हता. आणि जुन्या ऑइलपेंटचा पापुद्रा सोलून आला असेल, तर गोंदानं आपलं काम चोख केलंय. तो ज्या रंगाला चिकटला, त्या रंगानंच लाकूड सोडलं.

इतकी स्पष्ट साक्ष हातात असताना ती न वाचता 'डुप्लिकेट' म्हणणं हा आळस आहे.

या टप्प्यावर काही जाणते लोक वेगळाच उपाय सांगतात. म्हणतात, पांढरा गोंद सोडा, एसआर लावा. दाबाची भानगड नाही, लावलं की चिकटलं. रबराचा हा गोंद खरोखर उपयोगी आहे आणि वक्र पृष्ठभागावर त्याच्याशिवाय चालत नाही. पण त्याला घड्याळ लागत नाही, हे साफ खोटं. तो दोन्ही बाजूंना लावायचा, आणि त्यातलं द्रावण उडून हाताला कोरडा लागेपर्यंत थांबायचं, मगच शीट टेकवायची. आधी टेकवली तर द्रावण आत कोंडून राहतं. पुढं उन्हानं किंवा गॅसच्या धगीनं त्याचा वायू झाला की तेच शीट उचलतं. उशिरा टेकवली तर दोन कोरडे थर एकमेकांना ओळखत नाहीत. पावसाळी हवेत आणखी एक गंमत होते : द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प जमतं, आणि ओल्या पडद्यावर शीट बसते. शिवाय दाब यालाही लागतोच, फक्त तो क्षणभराचा असतो, म्हणून मधून कडेकडे जोर देऊन रोलर फिरवायचा. तळहातानं पुसल्यासारखं केलं की झालं, असं नाही. म्हणजे गोंद बदलला तरी प्रश्न तोच राहतो : थांबायचं किती, आणि थांबू देणार कोण?

उष्णतेचंही तेच. पांढरा गोंद थंडीत कडक आणि उष्णतेत मऊ होणारा पदार्थ आहे. पत्र्याच्या छताखालची खोली, पश्चिमेची भिंत, गॅसला लागून असलेली पट्टी, फ्रिजच्या मागची बाजू, इथं तो रोज दुपारी थोडा ढिला पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी शीट आक्रसून त्याला ओढत असते. एका दिवसात काही होत नाही. तीन उन्हाळ्यांत होतं. अशा जागी उष्णता सोसणारा गोंद लावायला हवा, किंवा गॅस आणि लाकडी पट्टी यांच्यात अंतर सोडायला हवं. दोन्ही गोष्टी नकाशा काढतानाच ठरवायच्या असतात. मिस्त्री ब्रश हातात घेऊन उभा राहिल्यावर नाही.

आता भिंतीकडं वळू, कारण दुधनीतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ भिंतीत असतं आणि भिंतीवर कुणी खटला भरत नाही. गावात अजून दगड-मातीच्या रुंद भिंतींची जुनी घरं आहेत. त्या भिंतीत शहाबादी फरशीचे कप्पे टाकलेलं कपाट असतं. शहाबाद दुधनीच्याच रेल्वेमार्गावर पुढं असल्यामुळं ती फरशी आपल्या घराघरात आहे. जुन्या काळी या कपाटाला सागवानी दारं असत, नाहीतर दारंच नसत. हवा खेळती राहायची, भिंतीतली ओल येऊन उडून जायची, फार तर लोणा धरायचा आणि दर दिवाळीला चुना फासला जायचा. आता त्याच कोनाड्यात आपण आतून प्लाय बसवतो, त्यावर मायका, समोर घट्ट बसणारं शटर. पायातून चढणारी ओल अजून तशीच चढते. तिची बाहेर पडण्याची वाट मात्र आपण बुजवली. ती प्लायच्या पाठीतून शिरते, प्लाय फुगतो, आणि समोरची सनमायका सुटते. मग आपण समोरच्या बाजूला नवा गोंद लावतो!

नव्या घरात हाच प्रकार सिमेंटच्या रूपानं होतो. गिलाव्याला आठवडाभर पाणी मारायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. मारलेलं पाणी बाहेर पडायला पुढं काही आठवडे लागतात, हे कुणी धरत नाही. गिलावा वरून पांढरा दिसला की वाळला, असं समजून फर्निचर चढवलं जातं. वाळलाय की नाही हे बघायला पैसे लागत नाहीत : दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब धरले असतील किंवा भिंत काळवंडली असेल, तर मिस्त्रीला परत पाठवा. हे करताना मी अजून एकही घरमालक पाहिलेला नाही. वास्तुशांतीच्या पत्रिका मात्र तोवर छापून आलेल्या असतात.

'पूर्वीसारखं लाकूड राहिलं नाही' हा आक्षेप खरं तर उलटा आहे. पूर्वीच्या सागवानी फळीवर सनमायका चिकटवली असती तर ती आजच्यापेक्षा लवकर सुटली असती, कारण भरीव लाकूड आडव्या दिशेनं प्लायपेक्षा कितीतरी जास्त हलतं, आणि सागाच्या अंगातलं तेल गोंदाला नीट धरू देत नाही. आजोबांचं कपाट टिकलं, कारण त्यावर चिकटवलेलं काही नव्हतंच. सुटायलाच काही नसेल तर सुटणार काय?

'मॉड्युलर घ्या, कारखान्यातलं असतं' हा दुसरा हमखास सल्ला. कारखान्यात प्रेस असतो, तापमान हाताशी असतं, हे मान्य. पण तिथून येणारा माल पुष्कळदा लाकडाच्या भुशाच्या बोर्डावरचा असतो, आणि त्या बोर्डाची उघडी कड सिंकजवळ आली की पाणी पिऊन सुजते. मग वरचा थर कितीही चांगल्या दाबाखाली बसवलेला असो. पाइपासाठी साइटवर पाडलेलं भोक तसंच उघडं ठेवलं, तर कारखान्यात घेतलेली सगळी काळजी त्या भोकातून वाहून जाते. कड बंद करणं हा शोभेचा भाग नाही. आतलं लाकूड ओलाव्यापासून वाचवणारी तीच एक गोष्ट आहे.

आणि काटकसर. शटरच्या पुढच्या बाजूला महागाची शीट, मागच्या बाजूला एक हात रंग, हे आपल्याकडं सर्रास चालतं. पुढून ओलावा जात नाही, मागून जातो. मग उन्हात एका बाजूनं वाळलेला पापड जसा वळतो, तसं शटर वळतं. वळलेलं शटर बंद करायला रोज थोडा जोर लावावा लागतो आणि तो जोर कडेवर येतो. मागच्या बाजूला पातळ लायनर लावला असता तर दोन्ही बाजू बरोबरीनं ओढल्या असत्या. मी हे सांगितलं की 'दुकानदार जास्तीचा माल गळ्यात मारतोय' असं ऐकावं लागतं. ऐकतो. पण त्याच शटरची तक्रार दोन वर्षांनी ऐकताना तो संशय कुठं जातो, हे कळत नाही.

राहिला मिस्त्री. त्याच्यावरचा आरोप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. आपण त्याला काम फुटावर देतो. फुटाच्या हिशेबात कापणं, चिकटवणं, कड घासणं मोजलं जातं. थांबणं मोजलं जात नाही. शीट दाबाखाली ठेवून तो एक दिवस बसला, तर तो दिवस त्याच्या खिशातून जातो. आणल्या आणल्या शीट न लावता दोन दिवस ती प्लायसकट त्याच खोलीत ठेवावी, म्हणजे दोघांचा ओलावा खोलीच्या हवेशी जुळेल, हे जगभरातले शीट बनवणारे सांगतात. साधारण 48 तास. आपल्याकडं शीट माझ्या पत्र्याच्या गोदामातून निघते, टमटमवर उन्हात तापते, आणि तासाभरात गोंदावर बसते. यात माझ्या धंद्याचाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही : गोदामात शीट भिंतीला उभ्या टेकवून ठेवणारे, ओल्या जमिनीवर थप्पी लावणारे दुकानदार आहेत, आणि 'आजच न्या, आजच लावा' म्हणणारेही आम्हीच. पण मिस्त्री दोन दिवस थांबू म्हणाला, तर "कामचुकार आहे, दुसरा बघा" असं कोण म्हणतं?

'हवाच अशी, कोण काय करणार' या पळवाटेलाही मी उत्तर देऊन ठेवतो. हवा आपल्या हातात नाही, पण हवेची तारीख आपल्याला पाठ आहे. शीट कोरड्यात लागणार असेल, तर मोठ्या पॅनेलमध्ये सांध्याला बारीक खाच सोडता येते. नवी घडण म्हणून ती दिसायलाही वाईट नसते. आठ बाय चार सलग लावण्याचा हट्ट सोडून तुकडे लहान करता येतात. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, हवा दोन्ही टोकांपासून दूर असते. जमलं तर सनमायकेचं काम तेव्हा काढता येतं. कोनाड्यातल्या कपाटाला मागं बोटभर पोकळी आणि वर-खाली जाळी ठेवता येते. यातली एकही गोष्ट महाग नाही. महाग आहे तो धीर.

म्हणून पुढच्या वेळी कामाचा ठराव करताना दराबरोबर चार गोष्टी कागदावर घ्या. भिंतीची प्लास्टिकची परीक्षा झाल्याशिवाय फर्निचर चढणार नाही. शीट आणि प्लाय 48 तास त्याच खोलीत राहतील. प्रत्येक शीट एक अख्खी रात्र दाबाखाली राहील आणि त्या थांबण्याची मजुरी मालक देईल. मागची बाजू आणि प्रत्येक कड बंद होईल. एवढं पाळूनही शीट सुटली, तर सुटलेला तुकडा आणि गोंदाचा डबा घेऊन माझ्या दुकानात या. उजेडात धरू, पाठ वाचू, आणि दोष माझ्या मालाचा निघाला तर भरपाई मी देईन. पण अक्षय्य तृतीयेची तारीख आधी छापायची, भिंत ओली असताना मिस्त्रीच्या मागं लागायचं, आणि गणपतीत फुगा आला की डब्याला शिव्या द्यायच्या, हा न्याय मला मान्य नाही. ज्यानं घाई केली, त्यानंच ती शीट पुन्हा लावायचा खर्च करावा.